इस्रायलमधले अरब नागरिक मतदानाला कमी का जातात? मतदानाचा हक्क असूनही?

मुख्य कारण म्हणजे 'आपल्या मताने सरकार बदलत नाही' ही भावना. आळस किंवा राजकारणाचा कंटाळा नव्हे. निवडणुकांचे आकडे ओळीने लावले की हे दिसतं. अरब मतदारांच्या मतदानाचं प्रमाण एप्रिल 2019 मध्ये 50 टक्क्यांच्या आसपास होतं. मार्च 2020 मध्ये चारही प्रमुख अरब पक्ष 'जॉइंट लिस्ट' म्हणून एकत्र लढले, तेव्हा ते 65 टक्क्यांजवळ गेलं आणि 15 जागा आल्या. तरीही सत्तेत वाटा कुणी दिला नाही. पुढे आघाडी फुटली आणि 2021 मध्ये मतदान 45 टक्क्यांच्या घरात घसरलं. लोक तेच, वर्षभराचंच अंतर! त्यात संसदेत शिरायला किमान 3.25 टक्के मतं लागतात. 2022 मध्ये वेगळा लढलेला 'बलद' हा अरब पक्ष त्याच्या थोडा खाली राहिला आणि त्याची सगळी मतं वाया गेली. काही जण ठरवूनही बहिष्कार घालतात. ऑक्टोबर 2000 च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात अरब नागरिक मारले गेले. त्यानंतर 2001 च्या पंतप्रधानपदाच्या निवडणुकीत अरब मतदान 20 टक्क्यांच्याही खाली होतं.

मात्र हे फक्त राष्ट्रीय निवडणुकांना लागू आहे. गावच्या, नगरपालिकेच्या निवडणुकीत अरब वस्त्यांमध्ये भरभरून मतदान होतं, कारण तिथे घराणी आणि भाऊबंदकी पणाला लागलेली असते. (पूर्व जेरुसलेमचे बहुतेक पॅलेस्टिनी यात धरू नका, ते नागरिक नसल्याने त्यांना संसदेसाठी मतच नाही.)