ऑक्सिजन नव्हता, हे कळलं कसं?

प्रश्न : पृथ्वीच्या हवेत सुरुवातीला ऑक्सिजन नव्हता, असं वाचलं. मोजायला तेव्हा कुणीच नव्हतं, मग हे ठरवलं कशावरून?
– अकरावीतली विद्यार्थिनी, सावंतवाडी

उत्तर : अगदी मुद्द्याचा प्रश्न. इतकी जुनी हवा कुठेही शिल्लक नाही, त्यामुळे खडकांनाच विचारावं लागतं.

मी भूशास्त्र शिकवायचे तेव्हा नमुन्यांच्या खणातल्या पायराइटची मला फार काळजी असे. लोह आणि गंधकाचं हे सोन्यासारखं चमकणारं खनिज. पावसाळ्यात ओल आणि ऑक्सिजन मिळाला की त्यावर पिवळट पांढरी भुकटी धरते, आणि तयार होणारं गंधकाम्ल खालची कागदी चिठ्ठीसुद्धा खाऊन टाकतं.

आता दक्षिण आफ्रिकेतलं विटवॉटर्सरँड बघा. सोन्याच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेले इथले थर म्हणजे सुमारे २८० ते २९० कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेली वाळू आणि गोटे. त्यांत पायराइटचे घासून गोल झालेले दाणे सापडतात. पाण्यातून गडगडत आले, झिजले, पण गंजले नाहीत! सोबत युरेनिनाइट या युरेनियमच्या खनिजाचे दाणेही आहेत, आणि ऑक्सिजन असलेल्या पाण्यात तेही विरघळून गेले असते. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीनंतरच्या नदीगाळात असे दाणे जवळजवळ दिसेनासे होतात आणि लोहाच्या गंजानं लाल झालेले खडक दिसू लागतात. २००० साली गंधकाच्या समस्थानिकांच्या (म्हणजे कमीजास्त वजनाच्या अणूंच्या) अभ्यासानंही याच काळाकडे बोट दाखवलं. मला मात्र दाण्यांचा पुरावा जास्त आवडतो. तो भिंगातून स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतो.

हा ऑक्सिजन सायनोबॅक्टेरियांनी, म्हणजे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणाऱ्या सूक्ष्म जीवाणूंनी सोडला. तो लगेच हवेत साठला नाही, कारण ज्वालामुखींचे वायू आणि समुद्रात विरघळलेलं लोह तो संपवत राहिले. समुद्राच्या तळाशी बसलेल्या अशा लोहाचे पट्टेदार खडक तुमच्या शेजारी गोव्यात आहेत. डिचोली, सांगे भागातलं लोहखनिज त्यांपासूनच झालं. संधी मिळाली तर एक तुकडा हातात घेऊन त्यातले पट्टे नक्की बघा.

पुढेही ऑक्सिजन एकदम आजच्या २१ टक्क्यांवर गेला नाही. शंभर कोटींहून अधिक वर्षं तो फारच कमी राहिला. जळलेल्या वनस्पतींचा कोळसा खडकांत मिळतो तो सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीपासूनचा. साधारण १५ टक्क्यांच्या खाली अशी आग टिकत नाही, म्हणजे तोवर हवेत निदान तेवढा ऑक्सिजन जमला होता.