दगडातल्या पांढऱ्या सुया आणि डायनासोरचं शेण

प्रश्न: सर, आमच्या बाजूला टॉवरचं खोदकाम चालू आहे, तिथून मुलाने (सातवीत आहे) एक काळा दगड उचलून आणला. फोडला तर आत पोकळी आणि त्यात पांढऱ्या सुया, अगदी फुलासारख्या. तो म्हणतो हे जीवाश्म आहे. त्याचे बाबा म्हणतात पारसिकचा डोंगर म्हणजे जुना ज्वालामुखी. कोणाचं खरं? आणि आपल्याकडे डायनासोर होते का? फोटो पाठवलाय.
एक आई, घणसोली

उत्तर: ताई, दोघांचंही चुकलं, पण बाबा थोडे जवळ आहेत.

आधी दगड. फोटोत दिसतंय ते झिओलाइट गटातलं खनिज, बहुतेक स्कोलेसाइट. याचा प्राण्याशी-झाडाशी काही संबंध नाही. तुम्ही घावन घालता ना, त्याला जाळी पडते, तसंच. लाव्हात गॅस असतो, तो वर यायला बघतो, पण तोवर वरचा थर गार होऊन घट्ट होतो आणि फुगे आतच अडकतात. मग पुढे कधीतरी त्या पोकळ्यांतून गरम पाणी झिरपलं आणि गीझरच्या कॉइलवर क्षार बसतात तसे हे खनिज सावकाश बसत गेलं. आपल्याकडचे खाणवाले सरसकट सगळ्याला गारगोटी म्हणतात, म्हणू देत. दगड धुवायचा असेल तर साधं पाणी आणि मऊ ब्रश, अ‍ॅसिड अजिबात नको, सुया विरघळतील.

आता डोंगर. पारसिकला तोंड वगैरे नव्हतं. आपल्याकडे लाव्हा मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून आला, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी, एकावर एक थर, आज उरलेला पसाराच 5 लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. माळशेजला पावसात जाता तेव्हा कड्यांना आडवे पट्टे दिसतात ते हेच थर. त्या पायऱ्यांवरूनच या खडकाला ‘ट्रॅप’ नाव पडलं, मूळ शब्द स्वीडिश, अर्थ जिना. घाटात हे थर जवळजवळ सपाट आहेत, पण पनवेल-ठाण्याच्या पट्ट्यात ते पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला कललेत. भारतापासून सेशेल्स बेटांचा तुकडा सुटून गेला तेव्हाच्या ओढाताणीत आपला हा किनारा वाकला असं मानतात.

डायनासोर? घणसोलीत सापडायची आशा सोडा, उकळत्या लाव्हात कोण टिकणार. जीवाश्म मिळतात ते दोन थरांच्या मधल्या शांत काळातले, तळ्यातल्या गाळात. वरळीला असेच इवलेसे बेडूक सापडले, 1847 मध्ये रिचर्ड ओवेनने त्यांचं वर्णन केलं, म्हणजे ज्याने ‘डायनासोर’ या नावाला जन्म दिला तोच माणूस. गंमत अशी की मुंबईकडचे हे थर जरा नंतरचे, त्यामुळे हे बेडूक डायनासोर संपल्यानंतरचे.

पण महाराष्ट्रात डायनासोर होते! चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा नावाचं गाव आहे, तिथे त्यांची हाडं मिळतात आणि शेणसुद्धा, दगड झालेलं. त्या शेणात गवताचे सूक्ष्म सिलिका-कण सापडले, त्यात भाताच्या भाऊबंदांचेही, आणि 2005 मध्ये ते छापून आल्यावर डायनासोरच्या काळात गवत नव्हतंच हा जुना समज मोडला. आपल्या पोरांना अमेरिकेतला टी-रेक्स पाठ असतो आणि पिसदुरा कुठे आहे ते माहीत नसतं, याचा मला मनापासून राग येतो.

(डायनासोर मेले कशाने, हे विचारणारच असाल. मेक्सिकोत चिक्शुलुबला पडलेली उल्का हे मुख्य कारण, आपल्या लाव्हाचा हात किती यावर अजून भांडण चालू आहे.)

प्रश्न: पृथ्वीचं वय 454 कोटी वर्षं, हा आकडा मुलांच्या डोक्यात कसा घालायचा?
एक शिक्षिका, कोपरी

उत्तर: बाई, पनवेलहून सीएसएमटीची लोकल धरा, 49 किलोमीटर. पनवेलला पृथ्वी जन्मली, सीएसएमटी म्हणजे आजचा दिवस. पहिले सूक्ष्मजीव बेलापूर-सीवूड्सच्या आसपास, हवेत ऑक्सिजन साठायला लागला तो वाशीची खाडी ओलांडल्यावर. मग कितीतरी स्टेशनं बाहेर बघावं असं मोठं काही नाही, सगळे जीव बारीकसारीक, नाव घेण्यासारखे प्राणी थेट कॉटन ग्रीनच्या सुमारास चढतात. डायनासोर मस्जिदच्या पुढे उतरले, शेवटचे 700 मीटर राहिले असताना, तेव्हाच आपला काळा कातळ ओतला जात होता. आणि माणूस? गाडी थांबायला तीन-साडेतीन मीटर उरलेत, तेव्हा तो चढला. मुलांना विचारा, तेवढ्यात सीट मिळाली असती का.