कॅलामुंडाहून निघताना

प्रिय मित्रा,

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून बसने कॅलामुंडाला उतरायचं, समोर कॉफीची दुकानं, आणि तिथूनच ऑल्बनीपर्यंतची सुमारे १००० किमीची बिब्बुलमन ट्रॅक ही पायवाट सुरू. सुरुवात इतकी सोपी आहे की फसायला होतं. गावाजवळचे पहिले दोन दिवस सामानाच्या तपासणीसाठी ठेव, वेगासाठी नको.

पहिला मुक्काम ह्यूइट्स हिलला कर. अंतर जेमतेम १० किमी, पण नवी सॅक घेऊन तेवढं पुष्कळ होतं. गाव मागे पडतं न पडतं तोच वाट पीस ब्रूककडे तीव्र उतरते. पायाखाली जांभ्याचे वाटाण्याएवढे गोल खडे असतात. जांभा कोकणातलाच, पण इथे तो सांडलेल्या ज्वारीसारखा पायाखालून निसटतो. पावलं आखूड टाक, टाच रोवू नकोस, काठ्या थोड्या लांब कर. उतरण्याआधी बुटाची नाडी घोट्यापाशी दुहेरी पिळा देऊन आवळ. नाहीतर पाय पुढे सरकतो आणि अंगठ्याचं नख काळं पडतं. टाच गरम लागली की तिथेच थांबून पट्टी लाव. फोड आल्यावर लावलेली पट्टी उशिरा सुचलेलं शहाणपण.

वाट चुकायची शक्यताही इथेच जास्त, कारण सायकलींच्या वाटा आणि वनखात्याचे रस्ते सारखे आडवे येतात. झाडांवर पिवळ्या त्रिकोणात काळा साप दिसेल. तो वॉगल, इथल्या आदिवासी नुंगार लोकांच्या कथांमधला सर्प. फाट्यानंतर पाच-सात मिनिटांत तो दिसला नाही, तर शेवटच्या खुणेपर्यंत मागे ये. ‘पुढे लागेल वाट’ म्हणून रेटू नकोस.

निवारा तीन बाजूंनी बंद, आत लाकडी फळ्या, बाहेर पावसाच्या पाण्याची टाकी आणि खड्ड्याचा संडास. जागा आरक्षित होत नाही, म्हणून तंबू हवाच. टाकीचं पाणी उकळून किंवा गाळून पी, आणि ती कोरडी असू शकते हे धरून ३ लिटर पाण्याची सोय ठेव. नोंदवहीत नाव, तारीख आणि पुढचा मुक्काम लिही. शोध घ्यायची वेळ आली तर तेवढाच धागा असतो. कचऱ्याचा डबा नाही, सगळं परत न्यायचं.

पहिलं मोठं गाव ड्वेलिंगअप, सुमारे २१० किमीवर. कोरडा शिधा माणशी रोज ६५० ते ८०० ग्रॅम धर. भाजलेल्या रव्याचा उपमा आणि मेतकूट-भाताला इंधन कमी लागतं. डाळी मात्र स्टोव्हवर अंत पाहतात.

एप्रिल-मे किंवा ऑगस्ट ते ऑक्टोबर, एवढेच महिने धर. तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत, पारा चाळिशी ओलांडतो आणि वणव्यांमुळे वाट बंदही होते. ऊबदार दिवसांत विषारी ड्युगाइट साप वाटेवर पहुडतात. १० सेंमी रुंदीच्या लवचिक पट्ट्या दोन तरी घे. चावलाच तर जखम धुवायची नाही, चावलेला हात किंवा पाय पूर्ण घट्ट गुंडाळायचा, हालचाल बंद आणि ००० या आपत्कालीन क्रमांकावर फोन. फोनला रेंज नसते, म्हणून उपग्रहामार्फत मदतीचा इशारा देणारं ४०६ मेगाहर्ट्झचं बीकन आधीच नोंदवून घे.

बूट घासायचा ब्रश दिसला तर टाळू नकोस. ओल्या मातीतून पसरणारा फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव जारा या निलगिरीच्या जातीच्या झाडांची जंगलं मारतो.

दुसऱ्या दिवशी मन्डॅरिंग धरणापाशी सॅक उपसून बघ. दोन दिवसांत ज्याला हात लागला नाही (प्रथमोपचार, रेनकोट आणि बीकन सोडून), ते तिथूनच कुणाबरोबर तरी पर्थला धाडून दे.

तुझा,
एक जुना चालणारा