रिपोर्ट नॉर्मल आहेत, पण जमीन हलते

(दुखण्यातून उठलेल्या वाचकांनी इतर वाचकांना दिलेली उत्तरं. या वेळी उत्तर देत आहेत साताऱ्याचे एक निवृत्त एसटी वाहक.)

प्रश्न : काका, नमस्कार. मी ३८ वर्षांची, विट्याला राहते. नऊ महिन्यांपूर्वी एका पहाटे अख्खं घर गरगर फिरायला लागलं, उलट्या झाल्या, दोन दिवस दवाखान्यात काढले. कानाच्या नसेला सूज आहे असं सांगितलं. ते फिरणं थांबलं, पण तेव्हापासून उभी राहिले की पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटते. तांदूळ निवडताना, मोबाइल बघताना, सुपरमार्केटच्या रॅकमधून चालताना वाढतं. आडवं झालं की बरं वाटतं. एमआरआय, रक्त, ऐकण्याची तपासणी, सगळं नॉर्मल. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. गोळी घेतल्याशिवाय मी उंबरा ओलांडत नाही. मुलीच्या शाळेत जाणंही बंद झालंय. यातून मी कधी बाहेर येणार का?

उत्तर : ताई, याल. हे आधीच लिहितो, कारण माझ्या आजारपणात पाचवा महिना उजाडेपर्यंत मला हे कुणीच म्हटलं नव्हतं.

मी २९ वर्षं वाहक होतो. २०१८च्या डिसेंबरात पाटण तालुक्यातल्या एका गावात मुक्कामी गाडी घेऊन गेलो होतो. मुक्कामी गाडी रात्री गावातच थांबते, आम्ही दोघंही गाडीतच झोपतो. पहाटे पाचला जाग आली ती गाडी वळण घेतेय असं वाटून. म्हटलं, चालकानं मला न उठवता गाडी काढली की काय. डोळे उघडले तर चालक पलीकडच्या बाकावर गाढ झोपलेला आणि खिडकीबाहेर देवळावरचा दिवा एकाच बाजूला सरकतोय, परत जागेवर येतोय, परत सरकतोय. उठायला गेलो आणि सीटच्या दांड्यावर आदळलो. उलट्या थांबेनात. चालकाला वाटलं, पित्त असेल.

कराडला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी त्यांच्या नाकावर नजर धरायला सांगितली, माझं डोकं दोन्ही हातांत घेतलं आणि झटकन डावीकडे वळवलं. नजर नाकावरून निसटली आणि मग उडी मारून परत आली. उजवीकडे वळवलं तेव्हा ती जागची हलली नाही. एवढ्यावरून त्यांनी सांगितलं की डाव्या कानातली तोल सांभाळणारी नस सुजली आहे. व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस. तुमच्या पहाटेचं वर्णन वाचलं आणि मला ते दोन हात आठवले.

इथवर सगळं रीतसर झालं. पुढं मात्र चार महिने वाया गेले. फिरणं थांबलं तरी हेलकावे थांबेनात, म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मानेचा एक्स-रे काढला, मणक्याची झीज दाखवली, पट्टा दिला आणि विश्रांती सांगितली. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या एक्स-रेत झीज दिसतेच. पण मला कारण सापडल्याचं समाधान झालं. मान ताठ, हात भिंतीला, नजर जमिनीवर, असा मी चार महिने घरात वावरलो. चक्करेच्या गोळ्या चालूच होत्या. सिनॅरिझिन, प्रोक्लोरपेराझिन अशा गोळ्या पहिल्या तीन-चार दिवसांत मोठा आधार देतात. महिनोन् महिने घेतल्या की मात्र मेंदूला नवा तोल शिकायचाच असतो, त्या शिकण्यातच आडव्या येतात. जी मान हलवल्यानं बरा झालो असतो, तीच बांधून मी बसलो होतो. याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून तुमच्या आडवं पडण्याबद्दल इतकं लिहितोय.

आता तुमचे रिपोर्ट नॉर्मल का, ते सांगतो. मेंदूला तोलाची खबर तीन ठिकाणांहून येते : आतला कान, डोळे आणि तळपाय-सांधे. एका कानाची खबर खोटी यायला लागली की मेंदू घाबरून डोळ्यांवर भिस्त ठेवतो आणि अंग ताठ करतो. त्या वेळी ते बरोबरच असतं. पण नस शांत झाल्यावरही ती सवय सुटली नाही, तर डोळ्यांसमोर जे जे हलेल त्यासोबत आपणही हलल्यासारखं वाटतं. रॅकमधल्या ओळी, सुपातले तांदूळ, मोबाइलचा पडदा, सगळं त्यातलंच. आमच्या तिकिटाच्या मशीनमध्ये गाडी पुढं जाईल तसा भाड्याचा टप्पा बदलावा लागतो. बदलायचा राहिला, तर मशीन चांगलं असूनही पुढचं प्रत्येक तिकीट चुकतं. उघडून बघितलं तर बिघाड सापडणार नाही. तुमच्या मेंदूचा टप्पा त्या पहाटेवर राहिलाय असं मला वाटतं.

या दुखण्याला नावही आहे. पर्सिस्टंट पोश्चरल परसेप्च्युअल डिझिनेस, डॉक्टर पीपीपीडी म्हणतात. तीन महिन्यांच्या वर बहुतेक दिवस अस्थिर वाटणं, उभं राहिल्यावर, हालचालीनं आणि नजरेसमोरच्या गर्दीनं ते वाढणं, ही त्याची लक्षणं. जगभरच्या तज्ज्ञांनी त्याचे निकष २०१७ साली ठरवून छापले. तुम्हाला तेच आहे की नाही हे तपासूनच ठरेल. पण हे वाक्य घरच्यांना वाचून दाखवा : एमआरआयमध्ये न दिसणारं दुखणंही दुखणंच असतं.

मला वाट सापडली ती एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे. त्यांनी दिलेल्या व्यायामाच्या कागदावर वर दोन नावं होती, कॉथॉर्न आणि कुक्सी. हे दोघे १९४०च्या दशकातले इंग्लंडमधले डॉक्टर. पडून राहणाऱ्यांपेक्षा हिंडते-फिरते रोगी लवकर सावरतात, हे बघून त्यांनी डोळे, मान आणि अंग हलवायचे व्यायाम बसवले. बाईंनी सांगितलं, एक अक्षर भिंतीवर लावा आणि त्यावरची नजर न सोडता मान डावी-उजवी हलवा. माझ्याकडे मशीन यायच्या आधीच्या काळातलं एक छापील तिकीट होतं, फिक्या गुलाबी कागदाचं. ते डोळ्यांच्या उंचीवर चिकटवलं. मान हलवायची आणि नंबर वाचायचा. पहिल्या दिवशी दहाव्या सेकंदाला आकडे एकमेकांत मिसळले आणि पोटात ढवळलं. मी खाली बसून राहिलो. तीन आठवड्यांनी मिनिटभर नंबर स्वच्छ दिसायला लागला. त्या दिवशी बायकोला हाक मारून नंबर वाचून दाखवला होता. ते तिकीट अजून तिथंच आहे.

बाईंचं माप मी पाठ केलं होतं : व्यायामानं थोडं गरगरलं पाहिजे, पण पंधरा-वीस मिनिटांत ते पहिल्यावर आलं पाहिजे. दिवसभर राहिलं तर मात्रा जास्त झाली, उद्या निम्मं करायचं. अजिबातच गरगरलं नाही, तर उद्या वाढवायचं.

मग गाडीत बसायला लागलो, प्रवासी म्हणून. आधी स्टँडवरून पोवई नाका, एवढंच. आठवडाभर तेवढंच. नंतर कोरेगाव, खिडकीशी बसून. मग कोरेगावपर्यंत दांडा धरून उभा. शेवटी कासच्या गाडीनं यवतेश्वरचा घाट. त्या घाटात आयुष्यभर एका हातानं पैसे मोजत उभा राहिलो होतो आणि आता दोन्ही हातांनी सीट धरून घामानं भिजलो होतो. पण वर पोहोचलो. पुन्हा ड्युटीवर गाडीत चढलो ते चौदाव्या महिन्यात.

मध्ये दोनदा मागं घसरलो. एकदा तापानं, एकदा भाच्याच्या लग्नातल्या जागरणानं. दोन्ही वेळा वाटलं, सगळं धुऊन गेलं. आठ-दहा दिवसांत परत होतो तिथं आलो. तुमचंही असं होईल, तेव्हा व्यायाम कमी करा, पण सोडू नका.

औषधाचंही सांगतो. माझ्या डॉक्टरांनी एसएसआरआय गटातली गोळी सुचवली. ती नैराश्यावर देतात हे कळल्यावर मी दोन महिने घेतली नाही. पीपीपीडीतही ती कमी मात्रेपासून देतात. घेतल्यावर माझा सततचा सावधपणा ओसरला आणि व्यायाम अंगी लागायला लागले. तुमची सध्याची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, कशी कमी करायची ते डॉक्टरांना विचारा.

तोवर तांदूळ पसाभरच घ्या आणि निवडा, थांबून समोरच्या भिंतीकडे बघा, परत निवडा. न्हाताना डोळ्यांवर साबण आला की तोल जातो, तेव्हा स्टुलावर बसा. रात्री छोटा दिवा ठेवा. आणि शाळेत जायला लागा. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत, मुलीचा हात धरून. तिला आधी सांगून ठेवा की आई मध्येच थांबेल आणि मग पुढं चालेल.

एवढं मात्र ध्यानात ठेवा. चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळे पडले किंवा अचानक ऐकू येईनासं झालं, तर व्यायाम नाही, गोळी नाही, तडक मोठा दवाखाना.

प्रश्न : माझ्या ६६ वर्षांच्या आईला कुशीवर वळलं की घर फिरतं. अर्ध्या मिनिटात थांबतं. तिलाही हेच व्यायाम चालतील का?

उत्तर : दादा, माझे व्यायाम तिला लावू नका, ते दुखणं बहुधा वेगळं आहे. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण असतात. ते जागा सोडून अर्धगोल नळीत शिरले की कूस बदलताना किंवा वर बघताना असं फिरतं. डॉक्टर आईला पलंगावर झटकन आडवं करून डोळ्यांची हालचाल बघतील. मग डोकं ठरावीक क्रमानं वळवून ते कण पुन्हा जागेवर आणतील. ही युक्ती अमेरिकेतल्या जॉन एप्ली यांची. माझ्या थोरल्या बहिणीला दोन बैठकींत बरं वाटलं होतं. आईच्या मानेचं ऑपरेशन किंवा जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि फिरतं ते उजव्या कुशीला की डाव्या, हे आज रात्रीच बघून लिहून ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.