मुलं ऑनलाइन वर्गात गप्प का बसतात?

प्रश्न : बी.एड. करून मी यंदाच लातूरच्या एका खासगी क्लासमध्ये लागले. नववीचं गणित संध्याकाळी ६ वाजता ऑनलाइन शिकवते. मुलं औसा, रेणापूर, अहमदपूरकडची, काही बीड जिल्ह्यातली. ४५ मिनिटं जीव तोडून शिकवते. ‘समजलं का?’ विचारलं की ‘हो मॅडम’ येतं, आणि चाचणीत पेपर कोरे. कॅमेरा लावा म्हटलं की निम्मी मुलं निघून जातात. माझं काय चुकतंय?
— एक शिक्षिका, लातूर

उत्तर : ताई, ‘समजलं का?’ हा प्रश्न आजपासून बंद करा. शाळेत तो चालून जातो, कारण पोरांचे चेहरे समोर असतात. मोबाइलवर ‘हो मॅडम’ म्हणजे नुसती हजेरी. ज्याचं उत्तर चुकू शकतं, असंच काही विचारा. समजा, दोन चलांतील समीकरणं चालू आहेत. क्ष + य = १४ मधून क्ष − य = ४ वजा केलं, तर डावीकडे काय उरलं? उत्तर आहे २य. पण काही जण ० लिहितीलच, कारण वजाबाकी करताना ‘− य’चं चिन्ह बदलायचं राहून जातं. ती शून्यं दिसली की पुढची १० मिनिटं काय शिकवायचं ते तुम्हाला कळलं.

उत्तर आधी टाइप करून ठेवायला सांगा आणि तुम्ही म्हणाल तेव्हाच सगळ्यांनी एकदम पाठवायचं. नाहीतर हुशार पोराचं उत्तर पाहून बाकीचे तेच उतरवतात. प्रश्न टाकल्यावर तुम्ही मात्र गप्प राहा. रेंज कमी असते, टाइप करायला वेळ लागतो. अंबाजोगाईला माझ्याकडे येणारे बहुतेक नवे शिक्षक इथंच चुकतात : ती शांतता त्यांना सोसत नाही आणि ते स्वतःच उत्तर सांगून टाकतात.

कॅमेऱ्याचा हट्ट सोडा, अगदी कळकळीनं सांगते. एका खोलीचं घर, मागे चूल, कोपऱ्यात आजारी आजोबा. चौदा वर्षांच्या मुलीला ते सगळ्या वर्गाला दाखवायचं नसतं. दिवसाचा दीड जीबीचा पॅक भावंडांत वाटलेला असतो, तो व्हिडिओत संपतो. तोंड दिसलं नाही तरी चालेल, वही दिसली पाहिजे. सोडवलेल्या एका उदाहरणाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा आणि त्यातली चुकलेली पायरी गोल करून परत पाठवा.

४५ मिनिटांचं म्हणाल, तर केंद्र सरकारच्या २०२० च्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांत नववी ते बारावीला एक तास ३० ते ४५ मिनिटांचाच सांगितला आहे. तेवढा वेळ तुम्ही एकट्यानं बोलायचं, असं मात्र नाही. १० मिनिटं शिकवा, ५ मिनिटं सोडवू द्या. फळ्यावरचं अक्षर पुरेसं मोठं आहे का, हे घरातल्या साध्या फोनवरून स्वतःच्याच वर्गात शिरून पाहा.

आणि या आठवड्यात घरोघरी फोन करून एवढंच विचारा : मोबाइल कुणाचा आहे, घरी कधी येतो? बाप शेतातून सातला येत असेल तर सहाचा वर्ग त्या मुलासाठी भरतच नाही. दिवाळीच्या सुमाराला आईबाप ऊसतोडीला गेले की फोनही त्यांच्यासोबत कारखान्यावर जातो. अशा मुलांची नावं आत्ताच वेगळी काढा, म्हणजे शेजारच्या फोनवर रेकॉर्डिंग पाठवायची सोय वेळेत होईल.