पॉवर ट्रिम अडला, तर आधी मीटर लावा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आऊटबोर्डच्या (होडीच्या मागे बाहेर बसवलेल्या इंजिनाच्या) ट्रिमचे, म्हणजे इंजिन वर-खाली कलवणाऱ्या यंत्रणेचे, बटण दाबले की ‘टक्’ असा आवाज येतो, पण इंजिन जागचे हलत नाही. बॅटरी नवी आहे. पंपासकट पूर्ण युनिट बदलायचा सल्ला मिळाला आहे. खरेच गरज आहे का?

उत्तर : एवढ्या माहितीवर युनिट बदलू नका. ट्रिम बंद पडला की सगळ्यात महाग भागावर आधी संशय घेतला जातो, आणि दोष पुष्कळदा एखाद्या गंजलेल्या टर्मिनलात निघतो. ‘टक्’ हा आवाज रिलेचा, म्हणजे बटणाच्या छोट्या करंटवर मोटरचा मोठा करंट जोडणाऱ्या स्विचचा. म्हणजे बटण, बटणाची वायर आणि रिलेची कॉइल ठीक आहेत. बिघाड त्याच्या पुढे आहे : रिलेच्या आतले काँटॅक्ट, जाड वायरी, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडची जोडणी) किंवा खुद्द पंप फिरवणारी मोटर.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि बटण दाबायला कुणाला तरी सोबत घ्या. सगळी मापे बटण दाबलेले असतानाच घ्यायची. गंजलेल्या जोडातूनही भार नसताना पूर्ण व्होल्टेज दिसते, त्यामुळे बटण न दाबता मिळालेले १२.६ व्होल्ट इथे काहीच सिद्ध करत नाहीत.

पहिले माप बॅटरीवर. व्होल्टेज १०.५ च्या खाली कोसळले, तर बॅटरी चार्ज नाही किंवा मोटर जाम होऊन अफाट करंट ओढते आहे. दुसरे माप मोटरच्या दोन जाड वायरींवर. बऱ्याच इंजिनांत निळी वर नेणारी आणि हिरवी खाली आणणारी असते. तिथे ११ व्होल्टच्या आसपास मिळत असूनही मोटर गप्प असेल, तर दोष मोटरचाच. त्यात बॅटरीचे व्होल्टेज जराही पडत नसेल, तर करंट वाहतच नाही; कार्बन ब्रश झिजले किंवा अडकले आहेत. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने मोटरच्या अंगावर हलकेच ठोकून पाहा. ठोकल्यावर फिरू लागली, तर ब्रशच. मोटर उघडल्यावर आत काळा चिखल आणि गंज दिसला, तर पाणी सीलमधून शिरले आहे. नुसते ब्रश बदलून ती फार टिकणार नाही, सीलही बदला.

मोटरपाशी व्होल्टेज कमी असेल, तर ते वाटेत कुठे हरवते ते शोधायचे. मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी रिलेला येणाऱ्या लाल वायरीवर ठेवून बटण दाबा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त रीडिंग आले, तर त्या टप्प्यात जोड खराब आहे. निगेटिव्ह बाजूलाही हेच करा. फ्यूज होल्डर, अर्थचा बोल्ट आणि वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली लग (बोल्टखाली येणारे धातूचे टोक) या तीन जागा आधी पाहा. वायरीवरचे प्लास्टिक थोडे सोलून तांबे काळे पडलेले दिसले, तर काळे संपेपर्यंत कापा आणि नवी लग बसवा. वरून घासून काही होत नाही.

मोटरला थेट बॅटरी देऊन पाहता येते, पण आधी वायरी मोजा. दोन वायरींच्या मोटरमध्ये पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलट केले की दिशा उलटते. तीन वायरींच्या मोटरमध्ये काळी कायम निगेटिव्हला राहते. पॉझिटिव्ह निळीला दिले की वर, हिरवीला दिले की खाली.

प्रश्न : इंजिन वर जाते, खाली येत नाही. खाली आणणारा रिले बदलला, तरी तेच.

उत्तर : आपण बहुधा चांगला रिले काढून टाकलात. दोन वायरींच्या मोटरला दोन्ही रिले एकाच वेळी लागतात. स्वस्थ असताना प्रत्येक रिलेची ३० नंबरची पिन ८७ए नंबरच्या पिनेमार्फत अर्थला जोडलेली असते. ‘खाली’ दाबले की खालचा रिले ३० ला ८७ वर नेऊन मोटरला बॅटरी देतो, आणि करंट परत जातो तो ‘वर’ नेणाऱ्या रिलेच्या ८७ए मधून. तो काँटॅक्ट जळला असेल, तर इंजिन वर बिनतक्रार जाते आणि खाली येत नाही.

दोन्ही रिले सारखेच असतील, तर जागा बदलून पाहा. आता खाली येऊ लागले आणि वर जाईना, तर दोष रिलेत आहे. दोन्ही एकदम बदला, कारण दोघांचे वय एकच असते. तक्रार जिथल्या तिथे राहिली, तर बटण किंवा वायर. इंजिनाच्या कव्हरवर दुसरे बटण असल्यास त्याने खाली येते का पाहा. येत असेल, तर थ्रॉटलच्या दांड्यातली वायर तपासा; रोज वाकून वाकून ती आतल्या आत तुटते.

अडकलेले इंजिन उतरवायला ब्रॅकेटच्या बाजूच्या छिद्रातून दिसणारा मॅन्युअल रिलीजचा (हाताने ऑइलचा दाब सोडण्याचा) स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. तीनेक फेरे पुरतात. पूर्ण काढला तर ऑइल बाहेर येईल. इंजिनाचा भार दुसऱ्याने धरलेला असू द्या आणि ब्रॅकेटच्या फटीत बोटे नकोत. स्क्रू सैल होताच इंजिन स्वतःच्या वजनाने खाली येते.

प्रश्न : मोटर जोरात फिरते, पण इंजिन झटके देत चढते, कधी अर्ध्यावरच थांबते.

उत्तर : ऑइल कमी आहे किंवा पंपात हवा आहे. वर सांगितलेला रिलीज स्क्रू नीट बंद आहे ना, तेही बघून घ्या. ऑइल पाहण्यासाठी इंजिन पूर्ण वर न्या, टेकूचा खटका लावा आणि खाली लाकडाचा ठोकळाही द्या. बहुतेक युनिटमध्ये इंजिन खाली असताना टाकीत दाब असतो, त्यामुळे तेव्हा झाकण उघडू नये. पातळी छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत हवी.

ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेलेच. अनेक इंजिनांना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल) चालते. ब्रेक ऑइल मात्र कधीच नको. त्याने रबरी सील फुगतात आणि सगळे युनिट उघडावे लागते. भरून झाल्यावर झाकण लावा, इंजिन चार-पाच वेळा पूर्ण वर-खाली करा, थोडे थांबा आणि पातळी पुन्हा पाहा. फेस बसल्यावर ती खाली गेलेली दिसते. ऑइल दुधाळ असेल, तर पाणी शिरले आहे. सगळे काढून नवे भरा आणि इंजिन उचलणाऱ्या सिलिंडरच्या दांड्याचे सील तपासा. ऑइल भरपूर असून मोटर नेहमीपेक्षा हलक्या, उंच आवाजात फिरत असेल, तर मोटर आणि पंप यांच्यामधला कपलर झिजला आहे.

प्रश्न : रात्री वर ठेवलेले इंजिन सकाळी खाली असते. कोणते सील बदलू?

उत्तर : आधी गळती बाहेर आहे की आत, ते ठरवा. युनिट पुसून कोरडे करा, ब्रॅकेटवर मार्करने खूण करा. खटका न लावता इंजिन रात्रभर ठेवायचे, म्हणून खाली काही अडथळा नको. सकाळी दांड्याभोवती ऑइलचे कडे दिसले, तर दांड्याचे सील. युनिट कोरडे आणि टाकीची पातळीही तीच, तर ऑइल आतल्या आत परत जाते आहे. तेव्हा मॅन्युअल रिलीज व्हॉल्व्हच्या, म्हणजे वरच्याच रिलीज स्क्रूच्या, ओ-रिंगपासून (गोल रबरी सीलपासून) सुरुवात करा. ते काम स्वस्त आहे आणि पुष्कळदा तेवढ्यावर भागते. रिव्हर्स टाकल्यावर इंजिन वर उचलले जात असेल, तर याच व्हॉल्व्हवर पहिला संशय घ्या. त्यानंतर चेक व्हॉल्व्हखालची (ऑइल एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हखालची) घाण आणि टिल्ट पिस्टनची ओ-रिंग. सिलिंडर उघडायला खास पान्हा लागतो आणि आत दाब असतो. ते काम वर्कशॉपला द्या.

दांड्यावर नख फिरवा. खड्डे लागले, तर नवे सीलही ते कापणार, म्हणून दांडाच बदलावा लागेल. ब्रॅकेटखालचा झिंकचा तुकडा अर्धा झिजला की बदलत राहिल्यास दांडे गंजण्यापासून बऱ्यापैकी वाचतात.

प्रश्न : ट्रिम व्यवस्थित चालतो, पण गेजचा काटा उड्या मारतो.

उत्तर : हायड्रॉलिकला हात लावू नका. सेंडरची (इंजिन किती वर आहे ते गेजला कळवणाऱ्या भागाची) वायर सोडवून ओहममध्ये मोजा आणि इंजिन सावकाश वर न्या. आकडा सलग बदलला पाहिजे. मध्येच तुटत असेल, तर सेंडर बदला. सलग बदलून काटा नुसता चुकीच्या जागी असेल, तर सेंडरचे दोन स्क्रू सैल करून तो थोडा फिरवा. इंजिन पूर्ण खाली असताना काटा तळाला आला की स्क्रू घट्ट करा.