वाचकांचे प्रश्न : दूरचित्रवाणीवरची समुद्री मत्स्यालये

प्रश्न : दूरचित्रवाणीवरील एका मालिकेत खाऱ्या पाण्याची भव्य टाकी बसवतात, पाणी भरतात आणि थोड्याच वेळात तिच्यात रंगीबेरंगी मासे पोहताना दिसतात. ते पाहून माझ्या मुलीने तशाच टाकीचा हट्ट धरला आहे. कार्यक्रमासाठी वेळ कापावा लागतो हे मला समजते; पण असे दाखवणे नैतिकदृष्ट्या योग्य आहे का?

उत्तर : काळ आखडल्याशिवाय कोणताच कार्यक्रम होत नाही, त्यामुळे केवळ संकलनाला दोष देणे अन्यायाचे ठरेल. मात्र नेमका कोणता काळ वगळला, हे पाहिले पाहिजे. माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया साठतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो आणि दुसरा गट त्या नायट्राइटचे बऱ्याच अंशी निरुपद्रवी असे नायट्रेट करतो. खडकावर, वाळूत आणि गाळणीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. समुद्री पाण्याचा सामू (आम्ल-अल्कता दाखवणारा आकडा, पीएच) आठच्या वर असल्याने अमोनियाचा विषारी अंशही तेथे मोठा राहतो. अशा कोऱ्या टाकीत पहिल्याच दिवशी मासे भरले तर त्यांच्या कल्ल्यांना इजा होते, आणि ती होत असताना पाणी मात्र काचेसारखे स्वच्छ दिसत असते. कॅमेरा हे विष टिपू शकत नाही, म्हणूनच ते शब्दांत सांगण्याची जबाबदारी कार्यक्रमावर येते.

या प्रकारातील सर्वांत गाजलेली मालिका म्हणजे ‘अ‍ॅनिमल प्लॅनेट’वर २०११ ते २०१८ या काळात दाखवली गेलेली, लास व्हेगासमधील टाक्या बनवणाऱ्या कंपनीवरची ‘टँक्ड’. ग्राहकाची अजब मागणी, टाकीची घडण आणि शेवटी थक्क झालेला ग्राहक, असा तिच्या भागांचा साचा होता. अनुभवी कारागीर आधीच जिवाणू वसलेले खडक आणि गाळणीचे साहित्य आणून प्रतीक्षेचा काळ खरोखर कमी करू शकतात, हे मान्य केलेच पाहिजे. पण तसे केले असेल तर ते सांगायला एक वाक्य पुरते, आणि ज्या कथेचा शेवट ग्राहकाच्या आश्चर्यावर होतो, तिच्यात नेमके तेच वाक्य गळते. त्याहून गंभीर बाब अशी की कॅमेरा निघून गेल्यानंतर काय झाले, ते प्रेक्षकाला फारसे कळत नाही. सहा महिन्यांनी त्याच टाकीकडे परत जाऊन किती मासे जगले, हे प्रामाणिकपणे दाखवणारा कार्यक्रम मला अधिक मोलाचा वाटेल, मग त्यात मृत्यू दिसले तरी चालतील.

प्राण्यांची निवडही अशीच पडद्याच्या सोयीने होण्याचा धोका असतो. दुकानात बोटभर दिसणारा ब्लू टँग हा निळा मासा पूर्ण वाढल्यावर सुमारे ३० सेंटिमीटरचा होतो आणि त्याला लांबवर पोहायला जागा लागते. मँडरिन मासा दिसायला अप्रतिम असतो. पण तो खडकांवरचे सूक्ष्म कवचधारी जीव टिपून जगतो आणि नव्या टाकीत ते नसल्यामुळे उपाशी मरतो. टाकीचा आकार दूरध्वनी-कक्षासारखा उंच आणि अरुंद ठेवला, तर आडवे पोहणाऱ्या माशाला त्या उंचीचा उपयोग जवळजवळ नसतो.

मासा येतो कोठून, याबद्दलही पडद्यावर बहुधा मौन असते. गोड्या पाण्यातील शोभेचे मासे बहुतांशी संवर्धन केंद्रांत वाढवलेले असतात. समुद्री माशांच्या बहुतेक जाती मात्र अजूनही प्रवाळभित्तींवरून पकडल्या जातात. फिलिपिन्समध्ये १९६०च्या दशकापासून माशांना गुंगी आणण्यासाठी सायनाइड वापरण्याची पद्धत पसरली, आणि तिची झळ प्रवाळालाही बसते. इंडोनेशियातील बांगाई कार्डिनल हा मासा शोभेच्या व्यापारासाठी इतका पकडला गेला की २००७ साली त्याची नोंद संकटग्रस्त जातींत झाली.

तुमच्या मुलीचा हट्ट मोडू नका, तो लांबवा. आधी केवळ पाणी आणि खडक असलेली टाकी, अमोनिया तयार व्हावा म्हणून चिमूटभर खाद्य टाकत, चालवू द्या, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत तिलाच चाचण्या करू द्या आणि मग संवर्धन केंद्रात जन्मलेले दोन क्लाउनफिश आणा.

प्रश्न : मग अशा मालिकांमुळे माशांची मागणी वाढते, म्हणून त्या बंदच कराव्यात का?

उत्तर : नाही. मागणीचा हा मुद्दा वाटतो तितका सिद्ध झालेला नाही. ब्लू टँग नायिका असलेला ‘फाइंडिंग डोरी’ हा चित्रपट २०१६ साली आला, तेव्हा बाजारात त्या माशाची झुंबड उडेल अशी भीती होती. संशोधकांनी तपासले असता इंटरनेटवरील शोध वाढलेला आढळला, पण आयात वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. त्याच वर्षी फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ब्लू टँगची पिल्ले प्रथमच बंदिस्त अवस्थेत वाढवण्यात यश आले. सूक्ष्म खाद्याचा शोध, मरून जाणाऱ्या अळ्या (अंड्यांतून नुकतीच निघालेली माशांची पिल्ले), पुन्हापुन्हा केलेले प्रयत्न, हे सारे दूरचित्रवाणीला उत्तम साजेल असे नाट्य आहे आणि त्यासाठी कोणत्याही माशाला घाईने टाकीत सोडावे लागत नाही.